आत्याचं पोट, आत्याचं डोकं

माझं लग्न माझ्या आत्याच्या आतड्यांमुळे जमलं. हे मी कुठल्याही पंगतीत सांगितलं की शेजारच्या पानावरचा घास हातातच थांबतो. पण त्यात तिखटमीठ काहीच नाही. झालं ते असंच झालं.

गोष्ट साठच्या दशकातली. माझे आई-आबा मेढ्याकडे डोंगराच्या पायथ्याशी शेती करायचे. तिथे मुलींनी मॅट्रिकच्या पुढे शिकायची सोय नव्हती, म्हणून आबांनी मला साताऱ्याला त्यांच्या थोरल्या बहिणीकडे ठेवलं. ही माझी आत्या. मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका. लग्न होऊन वर्ष उलटायच्या आत नवरा गेला, तेव्हा तिने सासरी कोपरा धरून बसायला नकार दिला, पुण्याला जाऊन शिकली आणि साताऱ्याला येऊन शाळेत लागली. पांढऱ्या पातळाला कडक इस्त्री, केसांचा घट्ट अंबाडा, आणि भाषा अशी स्वच्छ की बोलताना प्रत्येक ‘ह’ जागच्या जागी बसलेला. मेढ्याची बोली तिने कधीच सोडून दिली होती. मी सुरुवातीला एकदा “आत्या, दूध न्हाई” म्हणाले, तर ती शांतपणे म्हणाली, “दूध नाही, हे मला दिसतं आहे. ‘नाही’ कुठे गेलं ते शोध.”

अशी बाई. हसायची, पण दात न दाखवता.

मी तिच्याकडे यायच्या काही वर्षं आधी तिला मोठी कावीळ झाली होती. बरी झाली, शाळेत परत गेली, पण डोळ्यांच्या कडा पिवळसर राहिल्या त्या राहिल्याच. संध्याकाळी पायांवर सूज यायची. अंगठ्याने दाबलं की खळगा पडायचा. दिवसभर उभं राहून शिकवते म्हणून येत असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

मी इंटरला होते त्या थंडीत आत्या बदलायला लागली. आधी छोट्या गोष्टी. चहात साखरेऐवजी मीठ. डाव्या पायात उजवी चप्पल. दुपारी वर्तमानपत्र वाचता वाचता मान खाली जायची, आणि सगळं जग झोपलं की ही टक्क जागी. तोंडाला एक वेगळाच वास यायचा, पिकून गेलेल्या फळासारखा, कुबट-गोड. मग एके दिवशी मी कॉलेजातून आले तर आत्या ओसरीवर मांडी ठोकून बसलेली, पुढे चिंचोके.

“ये गं,” ती म्हणाली, “लय दिस झालं, सागरगोटं खेळूया. गोटं न्हाईत, चिंचुकं हायती.”

मी दारातच थिजले. दोन वर्षं मी ज्या ‘हाय’साठी बोलणी खाल्ली तो ‘हाय’ मुख्याध्यापिकाबाईंच्या तोंडून! पण खरं सांगते, मला इतका आनंद झाला की वह्या टाकून मी खेळायलाच बसले. आत्या चिंचोके वर उडवायची आणि झेलायला हात नेईपर्यंत ते खाली पडलेले असायचे. मग आम्ही दोघी पोट धरून हसायचो. ती मला तिच्या लहानपणच्या गोष्टी सांगायची, म्हशीच्या पाठीवर बसून ओढा कसा ओलांडला, आबांना एकदा कणगीत कसं कोंडलं. शिक्षण खात्याचे इन्स्पेक्टर कसे चालतात त्याची हुबेहूब नक्कल करून दाखवायची. दुसऱ्या दिवशी ह्यातलं काहीही तिच्या लक्षात नसायचं. पुन्हा इस्त्री, अंबाडा, आणि प्रत्येक ‘ह’ जागच्या जागी. मग दोन-चार दिवसांनी परत ‘लय’.

शाळेतही बातमी पसरली. एका सकाळी प्रार्थना झाल्यावर बाईंनी जाहीर केलं, “पोरींनो, आज ऊन लय ग्वाड पडलंय. सुट्टी!” मुली काही क्षण उभ्याच राहिल्या आणि मग जो गलका करून पळाल्या, तो म्हणे पार पोवई नाक्यापर्यंत ऐकू गेला.

शेजारच्या काकूंचं मत पडलं की अंगात येत असावं. दुसऱ्या एकींना वाटलं, इतकी वर्षं कडक राहून राहून बाईंच्या डोक्यावर ताण आला. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि सांगितलं, “अशक्तपणा आहे. अंगात रक्त नाही. ताकदीचं खायला घाला. अंडी, मटणाचा रस्सा, कडधान्यं, दूध.” आत्याने जन्मात अंड्याला हात लावला नव्हता, पण डॉक्टरांची आज्ञा म्हणजे शिक्षण खात्याचं परिपत्रक. मी रोज सकाळी दुधात अंडी फेटून द्यायची, दुपारी उसळ, रात्री घट्ट पिठलं. जितकं ताकदीचं घालावं तितकी आत्या जास्त हसायला लागली आणि जास्त झोपायला लागली. मला वाटायचं, गुण येतोय.

त्यातच आबांचा निरोप आला की आष्ट्याचं एक स्थळ मला पाहायला येणार आहे. मुलगा डॉक्टर, नुकताच पास होऊन सांगलीला एका दवाखान्यात लागलेला. घरची थोडी शेती, वडील नाहीत, आई आणि मामा. आबा आदल्या दिवशीच मेढ्याहून आले. बहिणीची अवस्था त्यांनी ऐकली होती, पण पाहिली नव्हती. आत्या त्या संध्याकाळी अगदी शहाण्यासारखी वागली, त्यामुळे आबा निर्धास्त झाले. दुसऱ्या सकाळी मी तिला नेहमीप्रमाणे अंडी दिली, आणि पाहुण्यांपुढे थकवा दिसू नये म्हणून एक जास्तच दिलं.

पाहुणे आले. मुलाची आई म्हणजे ठसठशीत कुंकू लावलेल्या, जाडजूड, गंभीर बाई. मामा पटकेवाले. आणि मुलगा बारीक, चष्मेवाला, कुठे बघावं हे न कळून छताकडे बघणारा. मी पोह्यांच्या बशा घेऊन आले, नमस्कार केला आणि खाली बसले. आत्या माझ्याशेजारी खुर्चीवर होती. मामांनी घसा साफ करून विचारलं, “मुलीला स्वयंपाक येतो का?”

मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाली, “आवं, पोरगी लय गुणाची हाय. फकस्त भाकरी थापली की हिंदुस्थानचा नकाशा हुतो. सिलोनसकट!”

आबांच्या हातातली बशी कलली. मामांना हसावं की नाही कळेना. आत्या आता मुलाच्या आईकडे वळली आणि आपुलकीने म्हणाली, “तुमी आल्यापास्नं हसला न्हाईसा. दात पडल्यात व्हय?”

आबांनी डोळे मिटून घेतले. मी पदर तोंडाशी धरला, कारण मला हसू यायला लागलं होतं, आणि अशा वेळी हसू आवरलं की ते नाकातून बाहेर पडतं. आत्याने मात्र मोठ्या अगत्याने पोह्यांची बशी उचलली आणि मुलाच्या पुढे केली, “घ्या, खावा.” बशी त्याच्यापर्यंत पोचली नाही. तिचा हात मनगटातून एकदम ढिला पडला, परत वर आला, परत पडला, आणि पोहे मामांच्या पटक्यावर, मांडीवर, सतरंजीवर.

इतका वेळ छताकडे बघणारा मुलगा झटकन उठला. माझ्यापुढून, आबांपुढून, सरळ आत्याच्या खुर्चीसमोर जाऊन उकिडवा बसला.

“आत्या,” तो म्हणाला, “दोन्ही हात असे पुढे करा बरं. गाडी थांबवताना पोलीस करतो तसे. बोटं पसरा. हां, आणि तसेच धरा.”

आत्याने हात पुढे केले. पंजे उडायला लागले. खाली पडत, झटक्याने वर येत, परत पडत. एखादा पक्षी उडावं की नको ह्या विचारात असावा तसे. तिला गंमत वाटली. “बघा, बघा, मी उडतीया!” ती म्हणाली.

मुलाने तिच्या तळव्यांकडे पाहिलं. ते लालबुंद होते, मला कधी जाणवलंच नव्हतं. पावलांवर बोट दाबलं. तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन वास घेतला. माझ्या भावी सासूबाई हे सगळं डोळे विस्फारून बघत होत्या. मग त्याने अगदी खणखणीत आवाजात, जसं काही आम्ही सगळे त्याच्या वॉर्डात बसलो होतो, विचारलं, “परसाकडं शेवटचं कधी झालं?”

मामांना पोह्यातल्या शेंगदाण्याचा ठसका लागला.

“मागल्या बाजाराला!” आत्या वर्गात पहिला नंबर आल्यासारखी म्हणाली.

“एक काडेपेटी आणता का?” हे तो मला म्हणाला, न बघताच. आमचं पहिलं संभाषण ते. मी पळत जाऊन चुलीपाशी ठेवलेली काडेपेटी आणली. त्याने सतरंजीवर काड्यांची एक चांदणी मांडली आणि आत्याला म्हणाला, “अशीच दुसरी करा.” पोरींना भूमिती शिकवणारी माझी आत्या, तिने बराच वेळ काड्या फिरवल्या, एकीवर एक रचल्या आणि शेवटी म्हणाली, “ही बाज हाय. निजायला.” आणि खरंच डोळे मिटून मागे टेकली.

मुलगा उठला. त्याचा चेहरा आता अजिबात लाजरा नव्हता. “ह्यांचं डोकं फिरलेलं नाही,” तो आबांना म्हणाला. “यकृत खराब झालंय. त्याचा परिणाम डोक्यावर होतोय. उद्याच्या उद्या सांगलीला आणा. आणि आत्तापासून अंडी बंद, मटण बंद, डाळ-उसळ बंद. नुसता भात आणि ताक.”

आबांना बहिणीची काळजी होतीच, पण मुलीच्या बापाचं मन. ते चाचरत म्हणाले, “व्हय, आणू. पण ते... पोरगी पसंत हाय का?”

“कोण पोरगी?” मुलगा म्हणाला.

आणि मग मान वळवून त्याने प्रथमच माझ्याकडे पाहिलं. हातात काडेपेटी घेऊन मी उभी. तो कानापर्यंत लाल झाला. मला ते आवरलेलं हसू आता आवरलं नाही. नाकातून, तोंडातून, डोळ्यांतून, सगळीकडून आलं. त्याच्या आईने एकदा मुलाकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि पटक्यातले पोहे वेचणाऱ्या भावाला म्हणाली, “चल दादा, निघूया. बस चुकंल.” त्यांना खरोखर सगळे दात होते, हे मला तेव्हाच दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी, आबा आणि आत्या सांगलीच्या एस.टी.त बसलो. कऱ्हाड येईपर्यंत आत्याला गाडी म्हणजे आपला वर्ग वाटायला लागला होता. तिने उभं राहून सगळ्यांना सतराचा पाढा म्हणायला लावला. गाडीतल्या लोकांनीही काय म्हणावं! पाठीमागच्या बाकावरचे रजेवर आलेले दोन फौजी जोरात म्हणायला लागले, मग भाजी-माळव्याच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायका, मग कंडक्टर. सतरा सत्ते एकोणीसोदरशेपर्यंत गाडी एका सुरात आली आणि तिथे कंडक्टर चुकला. आत्याने त्याला बाकावर उभं केलं नाही एवढंच.

आष्ट्याला गाडी थांबली तेव्हा आबांनी तिला खिडकीपासून दूर बसवलं, कारण तिला उतरून व्याह्यांच्या घरी जायचं होतं. “चा पिऊन येऊ की, आपलीच माणसं हायती.” पण आष्टा सोडल्यावर ती गप्प झाली. मान माझ्या खांद्यावर पडली. मी हाक मारली, हलवलं, गालावर पाणी मारलं. ती नुसती “हं” म्हणाली आणि डोळे उघडेनात. सगळी गंमत तिथे एकदम संपली. आबा तिचा हात धरून “आक्का, आक्का” करत राहिले, आणि गाडीतली माणसं, मघाशी पाढे म्हणणारी, तिला निजवायला बाकं मोकळी करू लागली. सांगलीच्या स्टँडवर त्या दोन फौजींनीच तिला उचलून टांग्यात ठेवलं.

दवाखान्यात तो मुलगा वाटच बघत होता. त्याच्या वरचे मोठे डॉक्टर आले, त्यांनी बघितलं, आणि मग जे सुरू झालं ते असं की माझ्या आत्याला शुद्ध असती तर तिने शरमेने प्राण सोडला असता. एनिमा. जुलाब. परत एनिमा. नाकातून नळी घालून औषध. मी भांडं घेऊन उभी, आबा व्हरांड्यात पाठ फिरवून उभे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोट असं साफ झालं की वॉर्डातली आया म्हणाली, “बाई, आता ह्यांच्या पोटात सडा घालून रांगुळी काढावी.”

तेव्हा व्हरांड्यात त्याने आम्हाला सगळं समजावून सांगितलं. हे डॉक्टर लोक सहसा सांगत नसत. “आम्ही सांगतो तसं करा” एवढंच म्हणत. हा मात्र भिंतीला टेकून, चष्मा पुसत, आबांना कळेल असं बोलायला लागला.

“आपल्या सगळ्यांच्या आतड्यांत जंतू असतात. कोट्यवधी. माझ्या, तुमच्या, ह्यांच्याही.” ‘ह्यांच्या’ म्हणताना त्याने माझ्याकडे हात केला. माझ्याविषयी कुणा तरुण माणसाने काढलेले ते पहिले उद्गार. “आपण डाळ, अंडी, मटण खातो, त्यातलं उरलंसुरलं हे जंतू खातात आणि एक विष तयार करतात. कल्हईवाला तापल्या भांड्यात नवसागर टाकतो, तेव्हा नाकात काय जातं? त्याच जातीचं. आता रोज तयार होतं, मग आपण का नाही वेडे होत? तर आतड्यांतून निघालेलं रक्त आधी यकृतात जातं. तो गावाचा जकातनाका समजा. तिथे हे विष अडवलं जातं, निकामी केलं जातं. आत्यांचं यकृत त्या जुन्या काविळीने आतून सुकून कडक झालंय. नाक्यावरचा रस्ता बंद, म्हणून रक्त आडवाटेने जातं, आणि माल न तपासता सरळ डोक्यात.”

“आन् अंडी?” आबांनी विचारलं.

“अंड्यांनी जंतूंची दिवाळी झाली. त्यात बरेच दिवस पोट साफ नाही, म्हणजे त्यांना सवड भरपूर.”

“मग ते जंतू मारा की समदे.”

“तेच औषध देतोय. पण सगळे मरत नाहीत आणि परत येतात. म्हणून पोट रोज साफ, डाळ कमी, आणि ताक. ताकातले जंतू जरा सज्जन. ते आत गेले की दांडगोबांना जागा कमी पडते, असं काही डॉक्टर मानतात. छातीठोक सांगता येत नाही, पण ताकाने नुकसान तर नाही.”

आबांनी बोटांवर सगळा हिशेब जुळवला. मग म्हणाले, “म्हंजे माझ्या भनीला भूतबीत कायबी न्हाई. तिच्या पोटात बेवडं बसल्यात, आन् नशा तिला चढतीया.”

तो इतका हसला की चष्मा हातातून पडला. वाचला, काच फुटली नाही. मी तो उचलून दिला. मला तेव्हा वाटलं, हा माणूस जन्मभर माझ्याशी आतड्यांबद्दल बोलला तरी चालेल. आणि बोललाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी आत्याचं तोंड पुसत होते. तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, वॉर्डाकडे पाहिलं. मी घाबरत म्हणाले, “आत्या, बरं हाय का गं?”

“बरं *आहे* का,” आत्या क्षीण आवाजात म्हणाली. “आठवड्याभरात भाषेचं काय करून ठेवलं आहेस?”

मी तिच्या पांघरुणात तोंड खुपसून रडले आणि हसले. आबा धावत आले, त्यांना वाटलं गेली.

मग सुरू झाला तिचा दुसरा छळ. दर सकाळी डॉक्टर, नर्स, आया, झाडूवाली, सगळे आळीपाळीने येऊन एकच विचारायचे, “झाली का?” आत्या छताकडे बघत कोरड्या आवाजात “हो” म्हणायची. “किती वेळा?” ह्यावर तिचा चेहरा असा व्हायचा की शाळेतल्या मुलींनी पाहिला असता तर त्या चळचळ कापल्या असत्या. शेवटी तिने फर्मान काढलं की ह्या विषयाला ‘अहवाल’ म्हणायचं. त्यामुळे मोठे डॉक्टर राउंडला आले की आधी हात जोडून “बाई, अहवाल?” म्हणायचे. मग काडेपेटी काढायचे. चांदणी पूर्ण झाली की आत्या ती डॉक्टरांच्याच हाताने मोडायला लावायची, “पुन्हा मांडा, तुमची टोकं सारखी नाहीत.”

शेजारच्या खाटेवर माण भागातली एक धनगरीण होती, पायाला मोठी जखम झालेली. नवरा मेंढरांमागे, लेक मुंबईला गिरणीत, त्यामुळे तिला भेटायला फारसं कुणी येत नसे. आत्याचं ताटलीतलं गचगचीत भात-ताक बघून तिला रोज दया यायची. एकदा तिचा नवरा तिच्यासाठी हुलग्याचं माडगं घेऊन आला. हुलगे भाजून, दळून केलेली दाट, गरम कांजी. मी धुणं वाळत घालायला गेले होते. धनगरणीने सगळं गाडगं आत्याला पाजलं. आणि आत्याने, इतके दिवस पथ्य पाळून कंटाळलेल्या आत्याने, चाटूनपुसून प्यायलं.

दुसऱ्या दिवशी राउंडची वेळ. वॉर्डातल्या चालू शकणाऱ्या सगळ्या बायका खाटांपुढे ओळीत उभ्या, आत्या मध्ये, हातात थर्मामीटर छडीसारखा. मोठे डॉक्टर दारात आले.

“उशीर का झाला?” आत्या कडाडली.

मोठे डॉक्टर सांगलीत मोठेच होते. त्यांना कुणी असं विचारत नसे. मागून येणाऱ्या चष्मेवाल्याने जीभ चावली. पण डॉक्टरांनी तिच्या हातांकडे एक नजर टाकली, स्टेथोस्कोप काढून खिशात घातला आणि खाली मान घालून म्हणाले, “सायकल पंक्चर झाली, बाई.”

“रोजचंच तुजं. हिकडं उबा ऱ्हा. कान धर.”

डॉक्टरांनी कान धरले. सगळा वॉर्ड, जखमा-टाके सांभाळत, हसून हसून कळवळला. एका बाईचा टाका खरंच उसवला. मग डॉक्टर कान धरूनच हळूच नर्सला म्हणाले, “एनिमा. लगेच.”

धनगरीण मात्र रडायला लागली. “म्या इख पाजलं व्हय बाईला? आवं, आमच्याकडं आजाऱ्याला माडगंच देत्यात.” तेव्हा चष्मेवाला तिच्या खाटेशी बसला. “मावशी, तुमच्या माडग्यात काही दोष नाही. तुमच्या पायाला ते लागणारच आहे, तुम्ही रोज प्या. ह्यांचा आजारच उलटा आहे. दुसऱ्याला जी ताकद, ती ह्यांना नशा.” धनगरणीने डोळे पुसले आणि त्या दिवसापासून आत्याच्या पथ्यावर जी नजर ठेवली, ती कुठल्या नर्सने ठेवली नसेल. कुणी बिस्किट पुढे केलं तरी खाटेवरून ओरडायची, “ए, बाईला चढंल!”

आत्या पुन्हा शुद्धीवर आली आणि तिने मला जवळ बसवलं. “त्या मुलाचं काय झालं? आष्ट्याचं स्थळ येणार होतं ना?”

तिला काहीच आठवत नव्हतं. मी सगळं सांगितलं. नकाशा, सिलोन, दात, पटका, मागल्या बाजाराला. ऐकता ऐकता ती लाल झाली, पांढरी झाली, तोंडावर पदर घेतला. मला वाटलं, रडते आहे. पदर हलायला लागला. मग मोठ्याने, दात दाखवून, चांगल्या शुद्धीत, माझी आत्या हसली. “सिलोनसकट!” असं म्हणून परत हसली.

मग म्हणाली, “बोलाव त्याला. माझ्या देखत पाहणी झाली नाही, ती आता होईल.”

तो आला, हात मागे बांधून उभा राहिला. आत्याने विचारलं, “आमच्या मुलीला पाहिलंत?”

“त्या दिवशी नाही पाहिलं,” तो खरं बोलला. “इथे पाहिलं. रोज.”

“काय पाहिलंत?”

त्याने सांगितलं, “भांडं उचलताना तोंड वाकडं करत नाहीत. आणि फार हसतात. दोन्ही गोष्टी एका माणसात मी पाहिल्या नव्हत्या.”

“भाकरीचा नकाशा होतो, हे खरं आहे,” आत्या म्हणाली.

“चालेल. मला भात आवडतो.”

आत्या माझ्याकडे वळली. “आणि तुझं काय? मी विचारते आहे, तुझे आबा नाही. खरं सांग.”

मी म्हणाले, “आत्या, मला पसंत हाय.” ती त्या दिवशी ‘हाय’वर काही बोलली नाही.

त्याच आठवड्यात सासूबाई आष्ट्याहून केळ्यांचा घड घेऊन आल्या. आत्याने हात जोडून माफी मागायला सुरुवात केली, तेव्हा त्या खाटेवर बसत म्हणाल्या, “राहू द्या हो. मालक गेल्यापास्नं मला कुणी हसायला सांगितलं नव्हतं. तुमी आजारात का हुईना, पर इचारलं.” मग दोघी केळी सोलत बसल्या आणि मी पाणी आणायला गेले ती मुद्दामच उशिरा आले.

लग्न उन्हाळ्यात साताऱ्याला झालं. आत्याने पंगतीत भात, ताक, केळं खाल्लं, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण तिच्या कानाशी लागून “अहवाल?” विचारून गेला. पुढे तिने शाळेतून लवकर निवृत्ती घेतली आणि ती सांगलीला आमच्याजवळच दोन खोल्यांत राहायला आली. आजार गेला नव्हता, जाणारही नव्हता. यकृताचं जे व्हायचं ते होऊन बसलं होतं. आपल्या हाती होतं ते आतडं. कधी सर्दी-तापाचं निमित्त व्हायचं, कधी पोट अडायचं, आणि तिच्या तोंडून ‘लय’ निघालं की आमच्या घरात धावपळ: एक जण एरंडेल आणायला, एक काडेपेटी काढायला. ती कधी कधी चांगली असतानाही मुद्दाम “भूक लय लागलीया” म्हणायची आणि हे घाईघाईने चष्मा लावेपर्यंत, समोर सुबक चांदणी मांडून बसलेली असायची.

आष्ट्याहून आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाईंची आणि तिची गट्टी जमली ती विलक्षण. एका संध्याकाळी दोघी कृष्णेच्या घाटावर बसल्या होत्या, मीही होते. आत्या म्हणाली, “इतकी वर्षं नदीकाठच्या जिल्ह्यात काढली, पण मी नावेत कधी बसले नाही.” सासूबाई म्हणाल्या, “मीबी न्हाई. बुडलं तर?” “बुडलं तर दोघी.” आणि दोन पोक्त बाया, मला काठावर पर्स धरून उभी करून, सांगलवाडीला जाणाऱ्या नावेत चढल्या. मधोमध गेल्यावर नाव डुलली, दोघींनी एकमेकींना मिठी मारून अशी किंकाळी फोडली की घाटावर कपडे धुणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. मी पळत घरी जायच्या बेतात होते, ह्यांना बोलवायला. तेवढ्यात ओळखलं की त्या हसताहेत. पलीकडे उतरल्या, वांगी घेतली, परत आल्या. “काय झालं?” मी विचारलं. “काही नाही,” आत्या म्हणाली, धापा टाकत, स्वच्छ भाषेत, “मजा झाली.”

आबा दर वर्षी दिवाळीनंतर मेढ्याहून नव्या तांदळाचं पोतं घेऊन यायचे, कारण बहिणीचं सगळं आयुष्य आता भातावर होतं. डाळ-कडधान्यं मोजून-मापून, भात हवा तेवढा. ते पोतं खांद्यावरून उतरवून आधी तिच्या ताटात वाढायचे आणि ती खाताना बघत बसायचे. अशी बरीच वर्षं गेली. एका पावसाळ्यात पोटात पाणी झालं आणि मग औषधांचा, ताकाचा काही उपयोग होईना. शेवटचे काही दिवस ती झोपूनच होती. फार त्रास नव्हता. गेली तेव्हा सासूबाई तिचा हात धरून बसल्या होत्या आणि हे पायाशी.

त्या वर्षीही आबा तांदूळ घेऊन आले. कुणी त्यांना नको म्हणालं नव्हतं, आणि त्यांनाही दुसरं काही सुचलं नसावं. सासूबाईंनी तो निवडला, मी भात केला, आम्ही सगळे एकत्र बसून जेवलो. फार वासाचा तांदूळ होता तो.